मुक्काम आकुर्डी : वारीच्या वाङ्मयातील एक रिकामी जागा

वारीविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यातले काही फार चांगले आहे. पण या लेखनाच्या आधाराने एक विधान आपल्याकडे इतके रूढ झाले आहे की, ते तपासावे असे कोणाला वाटत नाही. ते विधान असे : वारीत जात नसते. व्याख्यानातून, अग्रलेखातून, क्रमिक पुस्तकातून ते येते. विद्यार्थी ते उत्तरपत्रिकेत लिहितात आणि आम्ही मास्तर त्याला गुण देतो. प्रस्थापित समीक्षेने तर या विधानावर एक संपूर्ण संस्कृतिविचार उभा केला आहे.

हे विधान खरे की खोटे, हे चालत्या वारीत कळणार नाही. चालताना सगळ्यांची तोंडे एकाच दिशेला असतात आणि सगळ्यांच्या पायांना सारखीच धूळ लागते. पण संध्याकाळी पालखी विसावते. चुली पेटतात, पाणी भरावे लागते, आडवे व्हायला जागा लागते. कोणाचे पाणी, कोणाची चूल, कोणाची ओसरी हा प्रश्न तेव्हा येतो. जात ही वाटेवर फारशी दिसत नाही. ती मुक्कामाला दिसते. म्हणून वारीच्या वाङ्मयाची परीक्षा घ्यायची तर ती मुक्कामाच्या गावी घेतली पाहिजे. त्यासाठी मी एक मुक्काम निवडतो. या वाङ्मयाने ज्याच्याकडे जवळजवळ पाहिलेलेच नाही असा तो मुक्काम आहे. तो म्हणजे आकुर्डी.

तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये देहूहून पालखी नेण्याचा प्रघात पाडला. ज्येष्ठ वद्य सप्तमीला ही पालखी निघते. पहिली रात्र देहूतच इनामदारवाड्यात होते. दुसऱ्या दिवशी अनगडशाहबाबांच्या दर्ग्याजवळ विसावा घेऊन ती चिंचोली, देहूरोड, निगडी या वाटेने आकुर्डीच्या विठ्ठलमंदिरात मुक्कामाला येते. तिसऱ्या दिवशी चिंचवड, पिंपरी, कासारवाडी, दापोडी करीत पुणे गाठते. म्हणजे शेतकऱ्यांची म्हणून ओळखली जाणारी ही वारी गाव सोडताच पहिल्यांदा टेकते ती कारखान्यांच्या नगरीत. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि या भागातल्या जिराईत जमिनींवर शेड चढू लागल्या. आकुर्डीला बजाजच्या स्कूटरी तयार होऊ लागल्या, पिंपरीला टेल्कोच्या मोटारी. १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा, सोलापूर, नगरकडची माणसे गाव सोडून बाहेर पडली, तेव्हा त्यांतली कितीतरी या पट्ट्यात येऊन पडली. त्यांत दलित मोठ्या संख्येने होते.

अशा ठिकाणी एक रात्र पालखी थांबते. महापालिकेच्या शाळांचे वर्ग दिंड्यांना मोकळे करून दिले जातात. कारखान्यातले लोक, रिक्षावाले, भाजीवाले, बँकेतले लोक चहा, फराळ, पाणी घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहतात. पहाटे पालखी उठते आणि जाते. मराठी वाङ्मयात ही रात्र कोठे आहे?

आपल्याकडे वारीवरची म्हणून जी दोन पुस्तके सर्वांत अधिक वाचली जातात त्यांच्याकडे प्रथम वळू. एक इरावती कर्वे यांचा ‘परिपूर्ती’ या संग्रहातला ‘वाटचाल’ हा लेख. तो १९६२ मध्ये इंग्रजीतही गेला आणि जगभरच्या अभ्यासकांनी तो वाचला. दुसरे दि. बा. मोकाशी यांचे ‘पालखी’. १९६१ च्या वारीत ते स्वतः चालले आणि १९६४ मध्ये पुस्तक आले. दोघेही आळंदीच्या पालखीबरोबर चालले. त्यामुळे त्यांच्या पुस्तकांत आकुर्डी नाही हा त्यांचा दोष म्हणता येणार नाही. दोघेही प्रामाणिक आहेत. मोकाशींनी भक्ताचा आव आणलेला नाही. आपण बाहेरचे आहोत, शहरातले आहोत, हे ते लपवीत नाहीत. कर्वेबाई तर समाजशास्त्रज्ञ. त्यांनी जे पाहिले ते नोंदवले. एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे असताना त्यांचा स्वयंपाक वेगळा, जेवणाची पंगत वेगळी. एकत्र अभंग म्हणून झाले की माणसे दोन बाजूंना वळतात. हे त्यांनी लिहिले आणि त्याचे आपल्याला दुःख होते हेही लिहिले.

आता मराठी वाचकाने या लेखाचे काय केले ते पाहा. पंढरीला जे जातात त्यांचा देश तो महाराष्ट्र, ही कर्वेबाईंची व्याख्या आपण उचलली. ती शेकडो वेळा सांगितली गेली. त्यांची पंगतीविषयीची अस्वस्थता मात्र आपण त्याच लेखात सोडून दिली. व्याख्या सोयीची होती, अस्वस्थता गैरसोयीची होती. शिवाय ती पंगत ब्राह्मण आणि मराठा यांच्यातली होती. ज्यांना पंगतीच्या जवळपासही जागा नव्हती त्यांचा प्रश्न त्याच्याही पलीकडचा. लेखक काय लिहितो यापेक्षा वाचकवर्ग त्यातून काय उचलतो यावरून संस्कृतीचा स्वभाव कळतो. ‘वारीत जात नसते’ हे विधान आपण अशा निवडक वाचनाने तयार केले आहे.

दुसरी गोष्ट अशी की, या दोन लेखकांच्या मागून आलेल्या लेखनाने, वर्तमानपत्री वारीपत्रांनी, छायाचित्रांच्या पुस्तकांनी, त्यांची चिकित्सा घेतली नाही. वाटेचे चित्र तेवढे घेतले. घाट, हिरवी माळराने, रिंगणातला घोडा, डोक्यावर तुळस घेतलेली म्हातारी. औद्योगिक नगरीतला मुक्काम हा या चित्रातला व्यत्यय असतो. पालखीने लवकर पुणे ओलांडावे आणि एकदाचे मोकळे रान लागावे अशी या लेखनाची घाई दिसते. मी ज्या महाविद्यालयात शिकवतो तेथे याच पट्ट्यातली मुले येतात. पालखीवर निबंध लिहा म्हटले की कामगारवस्तीत जन्मलेला मुलगासुद्धा हिरव्यागार शेतांतून जाणाऱ्या दिंडीचे वर्णन लिहितो. पालखी त्याच्या दारावरून गेलेली असते. त्याच्या बापाने त्या दिवशी दुसरी पाळी बदलून घेतलेली असते, त्याच्या आईने शेजारणींबरोबर चहाचे पातेले रस्त्यावर नेलेले असते. त्यातले निबंधात काहीच येत नाही. आपले दार हे वाङ्मयात येण्याच्या लायकीचे नाही, असे त्याला कोणीतरी शिकवले आहे. ते शिकवणाऱ्यांत आमची क्रमिक पुस्तके आहेत आणि आमची आस्वादक समीक्षाही आहे.

या घाईच्या मुळाशी गावाची ओढ आहे. मध्यमवर्गीय लेखक वारीत जातो तो हरवलेले गाव शोधायला. ते त्याला सापडते, आणि सापडले की त्याचे डोळे भरून येतात. पण ज्याच्या वाट्याला गावकुसाबाहेरची जागा आली त्याचे गाव हरवलेले नाही. त्याने ते सोडले आहे. बाबासाहेबांनी गाव सोडा, शहरात या, असे सांगितले ते उगाच नव्हे. येसकरकी, मेलेले ढोर ओढणे, बलुत्याची भाकर यांतून सुटण्याची जी थोडी दारे होती त्यांत लष्कर, रेल्वे, गिरणी आणि कारखाना ही मुख्य होती. कारखान्यातही पिळवणूक होती, पण पगार हाती पडत होता आणि पाळी संपल्याचा भोंगा होत होता. गावकीच्या कामाला भोंगा नव्हता. म्हणून सवर्ण लेखकाला जो मुक्काम व्यत्यय वाटतो तो आपल्या लोकांच्या इतिहासातला एक टप्पा आहे. देहू ते आकुर्डी या दिवसभराच्या वाटेवर तो टप्पा अक्षरशः उभा आहे. लष्कराच्या डेपोच्या आधाराने वाढलेल्या देहूरोड या वस्तीत २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. पंढरीचा विठोबा म्हणजे मूळचा बुद्धच, आणि हे आपण सिद्ध करणार आहोत, असे त्या वेळी त्यांनी सांगितले. नागपूरची दीक्षा त्यानंतर दोन वर्षांनी झाली. पुढे पिंपरीला मुंबई-पुणे रस्त्यावरच्या चौकात बाबासाहेबांचा पुतळा आहे. तुकोबांची पालखी दर वर्षी या दोन्ही ठिकाणांच्या जवळून जाते. वारीच्या वाङ्मयाला अनगडशाहबाबांचा दर्गा दिसतो, आणि दिसावाच. धर्माधर्मांतला सलोखा सांगायला तो उपयोगी पडतो. देहूरोडचा विहार त्याला दिसत नाही. कारण विहार सलोखा सांगत नाही, तो प्रश्न विचारतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आकुर्डीच्या रस्त्यावर एक बौद्ध बाई वारकऱ्याला पाण्याचा पेला देते आणि तो घटाघटा पितो. तो तिची जात विचारीत नाही. महाडला १९२७ मध्ये ज्या समाजाला पाण्याला हात लावल्याबद्दल डोकी फोडून घ्यावी लागली, त्या समाजातल्या बाईच्या हातचे पाणी आज वारकरी पितो. यापेक्षा मोठा पुरावा कोणता, असे कोणी म्हणेल. ‘वारीत जात नसते’ म्हणणाऱ्यांना हे दृश्य दाखवले तर ते आनंदाने स्वीकारतील.

पण हे पाणी भक्तीने पाजले की शहराने? वारकऱ्याने जात विचारली नाही याचे कारण त्याच्या मनातून जात गेली हेही असू शकेल. तसे वारकरी आहेत, मी नाकारीत नाही. परंतु दुसरे एक कारण ठळकपणे समोर आहे. औद्योगिक नगरीत जात चेहऱ्यावरून, कपड्यावरून, घराच्या दिशेवरून ओळखता येत नाही. गावात महारवाडा कोणत्या बाजूला आहे हे लहान पोरालाही ठाऊक असते. आकुर्डीत रस्त्याच्या कडेला पेला धरून उभी असलेली बाई कोण, हे सांगणारी खूणच नाही. जे ओळखता येत नाही ते पाळता येत नाही. ही अनोळखी माणसांच्या गर्दीची देणगी आहे. ती गिरणीने आणि कारखान्याने दिली, आणि तिचे श्रेय मात्र वारी घेते. हीच बाई आपल्या मूळ गावी, आपल्या वस्तीच्या तोंडाशी, तोच पेला घेऊन उभी राहिली आणि तिथेही तो तसाच पिला गेला, तर समतेची साक्ष मिळाली असे मी म्हणेन. तोपर्यंत आकुर्डीच्या पाण्यावरून काढलेला निष्कर्ष कच्चा आहे.

अनोळख म्हणजे समता नव्हे. ही गोष्ट मराठीत सर्वांत आधी आणि सर्वांत नेमकी कोणी सांगितली असेल तर ती बाबुराव बागुलांनी. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथेतला तरुण रेल्वेच्या नोकरीसाठी उधन्याला येतो. नवे गाव, कामगारांची वस्ती, राहायला खोली हवी. म्हणजे तोही मुक्कामालाच आलेला आहे. तो आपली जात सांगत नाही, म्हणून त्याला खोली मिळते, मान मिळतो, माया मिळते. जात उघडी पडते त्या क्षणी हे सगळे जाते आणि मार मिळतो. बागुलांनी कारखान्याच्या गावाची नाडी पकडली आहे. ते गाव तुम्हाला अनोळख देते, पण ती उसनी असते. कोणीही ती कधीही परत मागू शकतो. वारकऱ्याला आकुर्डीत एका रात्रीची जागा मिळते ती तो वारकरी आहे हे माहीत असल्यामुळे. बागुलांच्या नायकाला जागा मिळते ती तो कोण आहे हे माहीत नसल्यामुळे. एकाला ओळख तारते, दुसऱ्याला ओळख मारते. औद्योगिक नगरीतल्या या दोन मुक्कामांत जे अंतर आहे ते मोजल्याशिवाय वारीतल्या समतेवर लिहू नये.

आपणही औद्योगिक नगरीचे गोडवे गाऊ नयेत. मुंबईच्या कापड गिरण्यांत साच्याखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा तोंडाने ओढावा लागे, आणि महाराचे तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. पगार अधिक त्याच खात्यात होता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उचलला, तेव्हा कामगार ऐक्याच्या घोषणा देणाऱ्यांची पंचाईत झाली. म्हणजे यंत्राने जात आपोआप मोडत नाही. पिंपरी-चिंचवडमध्येही राखीव जागा होत्या त्या सरकारी कंपनीत. खाजगी कारखान्याच्या दारावर चिठ्ठी आणि ओळख चालली. आता तर कायम नोकरीच विरळ झाली आहे. आकुर्डीच्या बजाज कारखान्यातले उत्पादन २००७ मध्ये थांबले. ज्या कामगाराने बोनसच्या पैशातून दिंडीला फराळ दिला त्याचा मुलगा आज ठेकेदाराकडे रोजावर असतो. मुक्कामाच्या गावाचे हे सारे बदल वारीच्या वाङ्मयात कोठे उमटले आहेत? तिथे आकुर्डी अजून एक नाव आहे, देहू आणि पुणे यांच्या मधले.

पालखी उठून गेल्यावर काय होते हेही या लेखनात नसते. लेखक पालखीबरोबर निघून गेलेला असतो. मागे राहतात पत्रावळी, प्लॅस्टिकचे पेले, शाळेची भरलेली संडासे, चिखल. ते काढायला महापालिकेचे आणि ठेकेदाराचे सफाई कामगार येतात. हे कामगार कोणत्या जातींचे असतात हे वाचकांना सांगायला नको. वारीत जात नसेल असे घटकाभर मानू. मग वारी गेल्यानंतरच्या सकाळी ती इतकी स्पष्ट कशी दिसते? या प्रश्नाला मी अजून कोठल्याही वारीवर्णनात उत्तर वाचलेले नाही. हाताने मैला साफ करायला लावण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आली, अलीकडे फिरती शौचालये आली, हे चांगलेच झाले. पण झाडू कोणाच्या हातात, ही गोष्ट बदललेली नाही.

इथे चोखोबांची आठवण अपरिहार्य आहे. आपले समीक्षक चोखोबांना महाद्वारी उभे करतात, त्यांच्या आर्ततेचे कौतुक करतात आणि तिथेच थांबतात. चोखोबा मेले कसे, याकडे साहित्यिक म्हणून फारसे पाहिले जात नाही. १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली कामावरची माणसे गाडली गेली. चोखोबा त्यांत होते. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी झाली. जे गावकूस त्यांना बाहेर ठेवत होते तेच बांधताना त्यांचा जीव गेला. आजच्या भाषेत सांगायचे तर वारकरी परंपरेतला हा संत कामावरच्या अपघातात मेला. बांधकामाच्या खड्ड्यात, रसायनाच्या टाकीत, गटारात उतरून मरणाऱ्या माणसाचा तो पूर्वज आहे. आकुर्डीच्या मुक्कामी चोखोबांचा अभंग म्हटला जात असेल तर तो कारखान्याच्या भिंतीला टेकून म्हटला जातो, हे ज्याला जाणवेल त्याला वारीवर नवे काही लिहिता येईल.

बाबासाहेबांनी १९४८ मधला आपला ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला. त्याच बाबासाहेबांनी १९३६ मध्ये गांधीजींना उत्तर देताना संतांच्या मर्यादा स्पष्ट केल्या होत्या : देवापुढे सगळे सारखे असे संतांनी सांगितले, माणसे माणसांपुढे सारखी हे प्रस्थापित करण्यासाठी लढा दिला नाही. कृतज्ञता आणि चिकित्सा या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला एकाच वेळी जमतात, हे यातून आपण शिकावे.

दलित लेखकांसमोर या मुक्कामाने एक अवघड प्रश्न ठेवला आहे आणि तो आपण टाळत आलो आहोत. १९५६ च्या बावीस प्रतिज्ञा घेतलेले घर पालखीच्या वाटेवर आहे. त्याने दार लावून घ्यावे की पाणी घेऊन उभे राहावे? आपल्यातले काही जण म्हणतात, पाणी देणे म्हणजे मागच्या दाराने विठोबाला घरात घेणे. मला हे पटत नाही. तहानलेल्याला पाणी देणे ही पूजा नव्हे. ती करुणा आहे, आणि ती आपल्याला कोणाकडून उसनी आणावी लागत नाही. वारकरीही बहुतेक कष्टकरीच आहे, कर्जाने वाकलेला कुणबी आहे, आपलाच शेतमजूर आहे. त्याच्याशी आपले भांडण नाही. आपले भांडण आहे ते त्या पेल्यावरून समता झाल्याची पावती फाडणाऱ्या वाङ्मयाशी. पाणी द्यावे, आणि देताना आपण कोण हे लपवू नये. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर असलेल्या दारातून ते द्यावे. मग कोण पितो आणि कोण पुढे सरकतो ते पाहावे, आणि जे दिसेल ते लिहावे. जे पितील त्यांचेही लिहावे. मंदिरप्रवेशासाठी १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषणाला बसलेले साने गुरुजी या परंपरेतल्या चांगल्या माणसांपैकी होते हे आपण विसरत नाही.

वारीचे आजवरचे वाङ्मय पहाटे उठून जाणाऱ्याने लिहिले आहे. मागे राहणाऱ्याचे वाङ्मय लिहायचे अजून बाकी आहे. शाळेचा वर्ग धुणाऱ्या बाईने, पाळी बदलून रस्त्यावर उभ्या राहिलेल्या फिटरने, देहूरोडच्या विहारात पंचविसाव्या डिसेंबरला जाणाऱ्या आणि ज्येष्ठात पालखीला पाणी देणाऱ्या म्हातारीने सांगितलेला मुक्काम त्यात असेल. पिंपरी-चिंचवडच्या वस्त्यांतून आता शिकलेली पोरे निघत आहेत. त्यांनी हिरव्या शेतांचा निबंध पुरे करावा आणि आपल्या दारासमोरची ती एक रात्र लिहावी. वारीत जात असते की नसते, याचे खरे उत्तर त्या लेखनातून मिळेल. तोवर उत्तरपत्रिकेतल्या त्या विधानाला निदान मी तरी पूर्ण गुण देणार नाही.